आधी आरसी बुक, मग कटर!

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन घरात येते, हरभऱ्याची पेरणी आटोपते आणि तूर शेतात उभी असते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात, धनज आणि आसपासच्या गावांमध्ये, वर्षातील थोड्याफार निवांतपणाचे हेच दिवस. गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये पोत्याखाली झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारसायकलीकडे लक्ष जाते तेही याच दिवसांत. कुणाच्या वडिलांची राजदूत, कुणाच्या काकांची येझदी, तर कुणी हौसेने विकत घेतलेली आरएक्स-१००. ती पुन्हा सुरू करावी, जमले तर तिला आपल्या मनाप्रमाणे नवे रूप द्यावे, ही इच्छा गावातही असते आणि पुण्या-मुंबईच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही.

या हौसेला हिवाळाच मानवतो, त्यालाही कारण आहे. युरोप-अमेरिकेत बर्फामुळे गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून तिथले हौशी कारागीर थंडीचे चार महिने घरच्या गॅरेजमध्ये काढतात. विदर्भात कारण वेगळे. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे रंगावर पांढुरकी छटा येते आणि उघडे पडलेले लोखंड एका रात्रीत गंजू लागते. उन्हाळ्यात टिनाखाली उभे राहणे अशक्य होते आणि रंग नीट पसरण्याआधीच त्यातील थिनर उडून जाते. कार्तिक ते माघ या काळात मात्र हवा कोरडी असते, ऊन सोसवते आणि हाताला वेळ असतो.

प्रश्न उरतो तो एवढाच, की माघाच्या अखेरीस शेडमधून बाहेर पडणारी गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर चालवता येईल काय? अनेकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येते, आणि ते कळते तेव्हा पैसा, श्रम आणि मूळ गाडी हे तिन्ही हातचे गेलेले असते.

हौसेची परंपरा

घरच्या शेडमध्ये वाहन घडविणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल येथील बर्ट मन्रो यांनी १९२० मध्ये घेतलेली ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल पुढील जवळपास अर्धे शतक आपल्या शेडमध्ये सुधारत नेली. पिस्टनदेखील ते घरीच ओतीत. १९६७ मध्ये अमेरिकेतील बोनव्हिलच्या मिठागरावर त्यांनी या गाडीचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटरपर्यंत नेऊन आपल्या गटातील विक्रम केला. त्यांच्यावर २००५ मध्ये चित्रपटही आला. मात्र हा विक्रम झाला तो शर्यतीसाठी राखलेल्या मोकळ्या मैदानावर, सार्वजनिक रस्त्यावर नव्हे, हे विसरून चालत नाही.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी रॉयल एनफिल्डच्या गाड्यांना नवे रूप देणारी ‘वर्देंची’ ही कार्यशाळा नावारूपाला आणली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जोडून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. सुमारे ६० हजार रुपये खर्चून बनविलेल्या या गाडीची चित्रफीत डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी लोहार यांच्या कल्पकतेचे कौतुक केले, मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती थांबविली जाईल, हेही स्पष्ट सांगितले. त्या गाडीच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. प्रत्येक कारागिराच्या वाट्याला असा शेवट येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला येते ती दंडाची पावती.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरविलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. वाहनाच्या रचनेत केलेल्या ज्या फेरफाराने त्याचे मूलभूत स्वरूप बदलते, त्याला कायदा ‘बदल’ म्हणतो. या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात स्पष्ट केला. निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वाहन दूर नेणारा बदल चालणार नाही, असा निर्वाळा न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने दिला.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कापलेला सांगाडा, दुसऱ्या गाडीचे इंजिन आणि बदललेला सायलेन्सर हे तीन वेगवेगळे गुन्हे मोजले जाऊ शकतात.

सायलेन्सरची गोष्ट तर शहरवासीयांच्या परिचयाची आहे. नागपूर, पुण्यासह अनेक शहरांत पोलिसांनी कर्णकर्कश आवाजाचे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरविला आहे. हौशी कारागिराला यात अन्याय वाटतो. पण आवाजाची मर्यादा गाडी तयार होतानाच ठरलेली असते. तिच्या आत राहण्यासाठीच सायलेन्सरमध्ये जाळ्या आणि कप्पे असतात. ते काढले की ताकद वाढते, हाही बहुतांशी गैरसमजच आहे. विशेषतः टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सरचा आकार इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाशी जुळवलेला असतो. तो बिघडला की गाडी ओढत नाही, नुसती ओरडते.

विम्याचा मुद्दाही याला जोडूनच येतो. विमा उतरविला जातो तो नोंदलेल्या गाडीचा. बदल न कळविता अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात वाद उद्भवू शकतो. समोरच्या व्यक्तीला इजा झाली असेल, तर तो वाद कुटुंबाला कर्जबाजारी करू शकतो.

जुनी की नवी?

म्हणूनच पाना हाती घेण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो. जुन्या गाडीला तिचे मूळ रूप परत द्यायचे, की तिच्यातून वेगळीच गाडी घडवायची? पहिल्या मार्गावर कायदा सोबत असतो, दुसऱ्यावर तो आडवा येतो.

पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. सांगाडा, इंजिन आणि मूळ रचनेत मोठा बदल झालेला नसेल, तर अशा गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठरविण्यात आले आणि ती दहा वर्षे चालते. गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठी बाहेर काढता येते, रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नव्हे. म्हणजे एखाद्या जुन्या जावाचा सांगाडा कापला, तर तिचा हा सन्मानही कायमचा जातो.

याहून तरुण गाड्यांसाठी नेहमीची नोंदणी असते. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो.

पहिला पंधरवडा कागदांचा

वाशीम जिल्ह्यात कागदांचा गुंता आणखी वाढतो. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे आधीच्या गाड्यांवर अकोल्याचा एमएच-३० हा क्रमांक असतो, नंतरच्यांवर वाशीमचा एमएच-३७. १९८९ पूर्वीच्या गाड्यांवर तर ‘एमएच’ ही अक्षरेही नसतात. त्या काळचे आरसी बुक हाताने लिहिलेले असे. त्याची नोंद परिवहन विभागाच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत नसेल, तर ती आधी करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय पुढचा कोणताही अर्ज सरकत नाही.

गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. आरसी बुक हरवले असल्यास दुय्यम प्रतीसाठी नमुना २६, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५ आणि विकत घेतलेल्या गाडीसाठी नमुना २९ व ३० लागतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी बसविणेही राज्यात बंधनकारक आहे. ‘दादा’, ‘भाऊ’ वाचता येतील अशा आकड्यांची हौस येथे संपते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांगाड्यावर आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक. रॉकेलच्या बोळ्याने मळ पुसून ते आरसी बुकातील क्रमांकांशी ताडून पाहावेत. जुळत नसतील, तर तेथेच थांबावे. भंगारात स्वस्तात मिळालेली, कागद नसलेली गाडी बहुधा नोंदणी रद्द झालेली असते, क्वचित चोरीचीही. तिच्यावर केलेला खर्च परत येत नाही. सांगाडा घासताना किंवा त्यावर जाड रंग चढविताना हा क्रमांक बुजला, तर तीही नवी अडचण ठरते.

चार महिन्यांचा हिशेब

नोव्हेंबर उघडण्याचा. गाडी खोलण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत घालून, तो कुठला हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे वाटते. पण फेब्रुवारीत गाडी जोडताना चार बोल्ट उरले, तर ते कुठले, याचे उत्तर या चिठ्ठ्याच देतात. ब्रेकच्या ड्रममधली भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या ब्रेकशूमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात साचते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

डिसेंबर लेथवाल्याचा. सिलिंडर झिजला असेल, तर तो मोठा करून घ्यावा लागतो. येथे क्रम चुकतो तो असा, की आधी बोअर केले जाते आणि मग त्या मापाचा पिस्टन शोधला जातो. खरा क्रम उलटा आहे. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात. आधी पिस्टन हाती घ्यावा, तो लेथवाल्याला द्यावा आणि त्याच्या प्रत्यक्ष मापानुसार सिलिंडर करून घ्यावा. फट कमी राहिली, तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो. जास्त राहिली, तर खडखडते आणि धूर काढते.

सुटे भाग शोधण्याचाही हाच महिना. पुण्यात नाना पेठ आणि रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला, दिल्लीत करोलबाग ही या मंडळींची तीर्थक्षेत्रे. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’चा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी येझदीचे भाग अद्याप मिळतात ते जुन्या ग्राहकांच्या निष्ठेमुळे. त्या गाडीची एकच दांडी किकचेही काम करते आणि गिअरचेही. हे ठाऊक नसलेला नवा मेकॅनिक ती काढताना हमखास अडतो.

जानेवारी रंगाचा. जुना रंग उतरवून प्रायमर, मग लांबी, पॉलिश पेपरने घासणे आणि शेवटी रंग. पहाटेची थंडी टाळून दुपारच्या उन्हात काम केल्यास रंग नीट वाळतो. हार्डनर मिसळलेल्या रंगाची वाफ श्वासाला घातक असते. तोंडाला रुमाल बांधल्याने ती अडत नाही, त्यासाठी योग्य फिल्टरचा मास्क लागतो. मूळ रंग बदलायचा असेल, तर आरसीतील नोंदही बदलून घ्यावी लागते.

फेब्रुवारी जोडणीचा. जुन्या राजदूत, येझदीची वीजव्यवस्था सहा व्होल्टची असते आणि तिच्या दिव्याचा उजेड आजच्या महामार्गावर अपुरा पडतो. बारा व्होल्टवर जाताना केवळ बॅटरी आणि बल्ब बदलून भागत नाही. चार्जिंगची कॉइल आणि रेग्युलेटरही त्याच जोडीचे लागतात. पेट्रोलची रबरी नळी, कार्बोरेटरची सीले नवीनच घालावीत. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले. जुनी रबरे या मिश्रणासाठी बनविलेली नव्हती. इथेनॉल पाणीही शोषून घेते. त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवल्यास आतून गंज चढतो.

सांगाडा का कापू नये?

चित्रपटांतील लांब पुढच्या चाकाच्या ‘चॉपर’ गाड्या पाहून अनेकांना सांगाडा कापण्याचा मोह होतो. कायदा बाजूला ठेवला, तरी यंत्रशास्त्र त्याला हरकत घेते. हँडल ज्या दांड्याभोवती फिरते, त्याची तिरपी रेषा जमिनीपर्यंत वाढविली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पोहोचते. या दोन बिंदूंमधील अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. रुग्णालयातील ट्रॉलीचे छोटे चाक ढकलताच आपोआप मागे वळून सरळ रेषेत येते, तेच तत्त्व येथे काम करते. या अंतरामुळेच गाडी सरळ धावते. ते फार वाढले, तर गाडी वळताना जड होते. कमी झाले, तर वेगात हँडल थरथरू लागते. कारखान्यातील अभियंत्यांनी चाक, वजन आणि सांगाडा यांचा मेळ घालून काढलेले हे माप कटरच्या एका फटक्यात बिघडते.

दुसरी बाब वेल्डिंगची. गेट-ग्रिलच्या दुकानातील आर्क वेल्डिंग जाड लोखंडासाठी ठीक असते. सांगाड्याची नळी पातळ असते. ती जळून भोक पडते किंवा जोडाला लागूनचा भाग ठिसूळ होतो. जोड वरून भक्कम दिसतो, परंतु खड्ड्यांच्या हजारो धक्क्यांनंतर तडा जातो तो त्याच्या शेजारी. टाकीला वेल्डिंग करणे तर त्याहून धोक्याचे. पेट्रोल ओतून टाकले तरी वाफ आत राहते आणि ठिणगी लागताच टाकीचा बाँब होतो. टाकी अनुभवी माणसाकडेच द्यावी.

घरगुती कौशल्याची मर्यादा काय असते, हे विदर्भाने पाहिले आहे. वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगी येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये एका तरुण कारागिराने स्वतः तयार केलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली. फिरता पंखा तुटल्याने त्याचा त्यात मृत्यू झाला. त्याच्या हातातील कसबाबद्दल कुणालाच शंका नव्हती. उणीव होती ती ते कसब सुरक्षितपणे तपासून देणाऱ्या व्यवस्थेची.

वाट कुठे आहे?

खरी अडचण येथेच आहे. भारतात नवे वाहन रस्त्यावर आणण्यापूर्वी त्याच्या नमुन्याची चाचणी पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेत व्हावी लागते. ही पद्धत हजारो गाड्या बनविणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेली आहे. घरी एकच गाडी बनविणाऱ्याला ती परवडणारी नाही. ब्रिटनमध्ये मात्र एकट्या-दुकट्या मोटारसायकलीसाठी वेगळी मान्यता चाचणी आहे. घरी बनविलेली गाडी सरकारी केंद्रावर न्यायची, ब्रेक, दिवे, आवाज, धूर आणि रचना तपासून घ्यायची आणि उत्तीर्ण झाल्यास नोंदणी मिळवायची. तेथील कारागीर त्यामुळे परीक्षेच्या तयारीने काम करतो. आपल्याकडचा पोलिसांच्या नजरेआड राहण्याच्या तयारीने.

अशी एखादी वाट आपल्याकडे निघेपर्यंत शहाणपणाचा मार्ग एकच. सांगाडा, इंजिन आणि त्यांवरचे क्रमांक यांना हात लावू नये. जे बदलायचे ते पुन्हा पूर्ववत करता येईल असे असावे. मूळ भाग पोत्यात बांधून माळ्यावर जपून ठेवावेत. शंका असेल तेथे काम सुरू करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाची लेखी मंजुरी घ्यावी. ‘सगळेच करतात’ हे उत्तर ना चौकात चालते, ना विमा कंपनीच्या कार्यालयात.

यात कारागिरी उरतेच कुठे, असे कुणाला वाटेल. मात्र चाळीस वर्षे जुने इंजिन मूळ मापात आणणे, आरे ताणून रिमचा आऊट काढणे, बाजारात न मिळणारा भाग लेथवर घडविणे, नव्या तारा ओढूनही गाडी जुनीच दिसू देणे, यांत कसब कमी लागत नाही. उलट, कापून-जोडून वेगळे काही केल्यास चूक खपून जाते. मूळ रूपात आणलेल्या गाडीतील चूक जाणकाराला लगेच दिसते.

फाल्गुन लागतो, तूर घरात येते आणि उन्हाचा चटका जाणवू लागतो. शेडमधील गाडी बाहेर निघते. पहिली चाचणी रिकाम्या जागेत, हेल्मेट घालून, आधी ब्रेकची आणि मग वेगाची. पहिले पाचशे किलोमीटर सबुरीने, म्हणजे नवा पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना सरावतात. किक मारल्यावर वडिलांच्या काळचा तोच आवाज आला, की चार महिन्यांचे चीज होते. आणि चौकात पोलिसाने हात दाखविला, तर गाडी वळवून आडवाटेने पळण्याची वेळ येत नाही. खिशातून आरसी काढून दाखविता येते.